पाप कुणाचं, पेशी कुणाची

मराठवाड्यात शेतात राबणाऱ्या माणसाचा तळपाय कुणी निरखून बघत नाही. भेगा, काटे, कुरपं हे त्या पायाचं नेहमीचं. टाचेत काटा मोडला की बिब्बा तापवून त्याचं तेल चटका द्यावा तसं लावायचं, आणि मग तो काळा डाग कितीतरी दिवस तिथे राहतो. त्यामुळे त्याच पायावर दुसरा एखादा काळा डाग उमटला, सावकाश पसरला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, तरी तो बिब्ब्याचा की आणखी कशाचा, हा प्रश्नच पडत नाही. कुरूप समजून कुणी तो घरीच ब्लेडने तासतो. मग जखम भरत नाही. पुढे जांघेत अवधाण येतं, चालताना दुखायला लागतं, आणि मग कुठे नांदेड किंवा लातूरच्या दवाखान्याची वाट धरली जाते.

अशा डागांपैकी काही मेलॅनोमाचे निघतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. गोऱ्या कातडीच्या देशांत तो उन्हामुळे होतो आणि पुष्कळांना होतो. आपल्याकडे तो विरळा आहे. पण झाला तर बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला 1977 साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच प्रकार झाला होता. अंगठा काढून टाकावा असा सल्ला डॉक्टरांनी दिला. शरीर अखंड राहिलं पाहिजे या रास्ताफारी श्रद्धेपोटी त्याने नकार दिला, असं सांगितलं जातं. 11 मे 1981 रोजी तो गेला, अवघा 36 वर्षांचा असताना.

वेळेत कापून काढला तर हा रोग बरा होऊ शकतो. भीती असते ती उलटण्याची. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, माणूस कामाला लागला, आणि काही महिन्यांनी पोटरीवर, मांडीवर काळ्यानिळ्या गाठींची रांगच उठते. त्या गाठी मोजत बसलेल्या माणसाला घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडून आणि रात्री स्वतःकडूनही एकच प्रश्न ऐकावा लागतो: असं काय पाप केलं होतं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि तो केवळ अडाणीपणातून येत नाही. दुःखाला काही अर्थ असावा, ही माणसाची भूक आहे. मागच्या जन्मीचे भोग म्हटलं की निदान हिशेब तरी लागतो. कुणी माहूरला रेणुकामातेला नवस बोलतं, कुणी माळेगावच्या खंडोबाला साकडं घालतं, कुणी देवऋषाकडे जाऊन बाहेरचं काही आहे का ते पाहतं. नवसाने गाठ विरघळत नाही. पण त्याने माणसाला उद्याचा दिवस काढायचं बळ मिळतं, आणि ते बळ खोटं नसतं. घात होतो तो दुसऱ्याच जागी. देवाकडे मागता मागता रोग्यालाच गुन्हेगार ठरवलं जातं. आजारी बाईला सासरी ऐकून घ्यावं लागतं, लेकीच्या सोयरिकीत तिचा आजार लपवला जातो, आणि ‘भोगूनच फेडायचं आहे’ असं म्हणत उपचार लांबणीवर पडतात.

मेलॅनोमावर निघालेलं एक औषध या जुन्या प्रश्नाला अगदी अनपेक्षित बाजूने भिडतं. ते औषध म्हणजे एक जिवंत विषाणू आहे.

तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका उठतो, तो ज्याच्यामुळे उठतो तोच हा हर्पीसचा विषाणू. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या शरीरात तो मुक्कामाला असतो. मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि शरीर अशक्त झालं की वर येतो. बहुतेकांना त्याचा त्रास तेवढ्यापुरताच होतो. पण क्वचित तो मेंदूत शिरतो आणि माणसाचा जीव घेतो. अशा विषाणूला कर्करोगावर सोडायचं ही कल्पना ऐकायलाच अघोरी वाटते.

कल्पना मात्र नवी नाही. 1904 साली जॉर्ज डॉक या अमेरिकन वैद्याने एका रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रीची हकीकत छापली: तिला इन्फ्लुएंझा झाला आणि काही काळ तिचा मूळ आजारच ओसरला. त्या काळी विषाणू म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं. पुढे 1971 साली युगांडातल्या डॉक्टरांनी नोंदवलं, की बर्किट लिम्फोमा झालेल्या एका मुलाला गोवर निघाला आणि त्याची गाठ ओसरली. निसर्गात असं अधूनमधून घडताना दिसत होतं. ते हातात कसं धरायचं हे कळत नव्हतं.

मधल्या काळात माणसाने घाईही केली. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेतले चेस्टर साउदम यांनी 1950 च्या दशकात वेस्ट नाइल विषाणू कर्करोग्यांना टोचून पाहिला. याच साउदम यांच्या प्रयोगात 1963 साली ब्रुकलिनच्या एका रुग्णालयातल्या 22 म्हाताऱ्या, आजारी माणसांना जिवंत कर्कपेशी टोचल्या गेल्या, आणि त्या कर्कपेशी आहेत हे त्यांना सांगितलंच गेलं नाही. काही तरुण डॉक्टरांनी या कामाला हात लावायला नकार दिला म्हणून गोष्ट उजेडात आली. पाप हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा. पेशीला ठाऊक नसतं, विषाणूला ठाऊक नसतं. समोरच्या माणसाला अंधारात ठेवणाऱ्याला मात्र सगळं ठाऊक असतं.

1991 नंतर वाट बदलली. जनुकं कापता-जोडता येऊ लागली होती. ओठावरच्या फोडातून घेतलेला हर्पीसचा एक वाण शास्त्रज्ञांनी निवडला आणि त्यातली दोन जनुकं काढली. पहिलं जनुक त्याच्या घातकपणाचं मूळ होतं. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती पेशी आपला प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद करते, म्हणजे विषाणूची पैदास थांबते. हे जनुक तो बंद कारखाना पुन्हा चालू करून घेतं. ते काढल्यावर विषाणू निरोगी पेशीत पांगळा झाला. पण कर्कपेशींनी बेबंद वाढण्याच्या नादात स्वतःची ही संरक्षणव्यवस्था बऱ्याचदा गमावलेली असते. तिथे तो पांगळा विषाणूही वाढतो, पेशी फोडतो आणि शेजारच्या कर्कपेशीत जातो. दुसरं जनुक शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपायला मदत करायचं, तेही काढलं. आणि मग एक जनुक नव्याने घातलं, माणसाचंच. ते प्रतिकारशक्तीच्या पेशींना त्या जागी बोलावून घेतं. फुटलेल्या कर्कपेशींचे अवशेष या पहारेकऱ्यांच्या हाती लागतात आणि ते शरीरात इतरत्र दडलेल्या त्याच जातीच्या पेशींचा माग काढू लागतात.

या औषधाचं नाव टॅलिमोजीन लाहरपॅरेपव्हेक. डॉक्टर त्याला टी-व्हेक म्हणतात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर उलटलेल्या आणि पुन्हा कापून काढता न येणाऱ्या मेलॅनोमासाठी अमेरिकेने त्याला 27 ऑक्टोबर 2015 रोजी मान्यता दिली. ते उणे 70 अंशांच्याही खालच्या थंडीत ठेवावं लागतं. वितळवून थेट गाठीत टोचतात. आधी सौम्य मात्रा, तीन आठवड्यांनी शंभरपट तीव्र, मग दर दोन आठवड्यांनी. थंडी वाजून ताप येतो. गाठी आधी फुगतातही, त्यामुळे घाबरून मध्येच सोडून चालत नाही. टोचलेल्या जागेवर पट्टी बांधून ठेवावी लागते, घरच्यांनी तिथे उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही, गरोदर बाईने तर नाहीच. विषाणू हाताबाहेर गेलाच, तर त्याला आवरणारं असायक्लोव्हिर लागू पडावं, ही सोयही त्यात राखलेली आहे.

चमत्कार म्हणावं असं त्यात काही नाही. 436 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत या औषधाने सहा महिने किंवा अधिक टिकणारा गुण आला तो 16.3 टक्के रुग्णांना. तुलनेच्या औषधाने 2.1 टक्क्यांना. रोग फुप्फुसात किंवा यकृतात पोहोचला असेल तर फायदा फारसा दिसला नाही. पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणारं औषध, ज्याने अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेंदूपर्यंत गेलेला मेलॅनोमा 2015 मध्ये मागे हटला, त्याच्या जोडीला टी-व्हेक दिलं तर आणखी गुण येईल अशी मोठी आशा होती. त्यासाठी झालेल्या वेगळ्या मोठ्या चाचणीत ती फळाला आली नाही. तरीही सहातल्या एकाला टिकाऊ गुण, तोही ज्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची वाट संपली होती अशांत, ही गोष्ट लहान नव्हे.

या सगळ्यातून धर्माला काय कळतं?

पहिली गोष्ट आपल्या-परक्याची. कर्करोग बाहेरून येत नाही. तो आपल्याच पेशींतून उठतो, आपल्याच रक्तावर पोसतो, आणि आपला आहे म्हणूनच पहारेकरी त्याला अडवत नाहीत. त्याला उघडं पाडतो तो बाहेरून आलेला. देवऋषी ज्याला बाहेरचं म्हणून उतरवून टाकायला सांगतो, तेच इथे सोडवायला आलेलं आहे. आणि बाहेरचं तरी किती बाहेरचं? माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग प्राचीन विषाणूंच्या अवशेषांचा आहे. आईच्या पोटात बाळाची वार तयार होते, तेव्हा तिथल्या पेशींना एकमेकींत मिसळवणारं एक प्रथिन अशाच एका विषाणूकडून आलेलं आहे. ज्याला आपण परका म्हणतो त्याच्या मदतीशिवाय कुणीच जन्माला आलेलं नाही. आत्मपर भाव सोडा, असं संत सांगत आले ते माणसांच्या संदर्भात. शरीर ते पेशींच्या पातळीवर आधीपासून जगत आलं आहे.

दुसरी गोष्ट दुष्टपणाची. पैठणजवळच्या आपेगावात जन्मलेल्या ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुर्जनांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि सत्कर्माची ओढ वाढावी, एवढंच मागितलं. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रार्थनेत आजच्या जनुकशास्त्राची बीजं शोधणं हा पोरकटपणा ठरेल, आणि तसं कुणी करू नये. पण त्या मागणीमागे जी धारणा आहे, की दुष्टपणा हा कुणाचा स्वभाव नसून काढता येण्याजोगा भाग आहे, ती या विषाणूच्या बाबतीत अक्षरशः खरी झाली. विषाणू मारला गेला नाही. त्यातलं घातक तेवढं काढलं, उपयोगी तेवढं घातलं, आणि तो कामाला लागला.

म्हणजे विषाणूत मुळात पाप नव्हतं, तसंच पुण्यही नव्हतं. आपल्या पूर्वजांनी या दोन्ही टोकांना जाऊन पाहिलं आहे. घरात कुणाला देवी आल्या की फोडणी बंद व्हायची, दाराला कडुनिंबाचे डहाळे लागायचे, आल्यागेल्याला मज्जाव व्हायचा. रोग्याच्या अंगात साक्षात देवी वस्तीला आली म्हणून औषध द्यायचं नाही. मज्जाव करण्यात शहाणपण होतं, रोग्याला मायेने जपण्यातही होतं. औषध नाकारण्यात मात्र पोरं दगावत होती, आणि उरलेल्यांच्या तोंडावर व्रण राहत होते. अखेर 1975 नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही, तो घरोघर टोचलेल्या लसीमुळे. ती लससुद्धा एक विषाणूच होता. एका विषाणूला देवी म्हणून हात जोडले आणि दुसऱ्याला भ्रष्ट समजून दंड लपवला, असं त्या काळी कितीतरी घरांत झालं.

इथे एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विषच औषध होतं, हे वाक्य अर्धवट ऐकणाऱ्याच्या हाती पडलं तर फार महाग पडतं. आयुर्वेदात बिब्बा औषध आहे खरा, पण शोधन केल्यावर: तो विटेच्या भुकटीत घोळून त्याचं तेल उतरवावं लागतं, गरम पाण्याने धुवावं लागतं, तेव्हा कुठे तो पोटात घेण्याजोगा होतो. कच्चा बिब्बा कातडी जाळतो. विषाणूचंही तसंच: त्याचा गुण त्याच्यावर घातलेल्या मर्यादेत आहे. अंगावर हर्पीस उठल्याने कुणाचा कर्करोग बरा होत नाही. क्रोएशियातल्या विषाणुशास्त्रज्ञ बेआता हालासी यांनी स्वतःच्या उलटलेल्या स्तनाच्या कर्करोगावर प्रयोगशाळेत वाढवलेले विषाणू टोचून घेतले, गाठ आकसली, ती काढली गेली, आणि 2024 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्यावरही नीतीचा मोठा वाद झाला. कारण ते वाचून दुसरा कुणी हताश माणूस तेच करायला जाईल. त्यांच्या पाठीशी आयुष्यभराचं शास्त्र होतं आणि देखरेखीला डॉक्टर होते. गावातल्या माणसापाशी यांपैकी काहीच नसतं.

आता मूळ प्रश्न: पाप कुणाचं?

लातूर जिल्ह्याने हा प्रश्न एकदा फार मोठ्याने विचारलेला आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून गावं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंतींखाली साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत पाळण्यातली पोरं होती, नुकती आरती करून आलेली माणसं होती. देव कोपला, असं बोलणारे तेव्हाही भेटले. पण त्या पोरांनी काय केलं होतं, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. जमिनीखालच्या खडकाला कुणाच्या कर्माची खबर नव्हती. घरं मात्र माणसांनी बांधली होती, आणि पुढे ती वेगळी बांधता आली.

कर्मविपाकाचा सिद्धांत मानणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे नीट पाहावं. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात साथीच्या रोगांचं मूळ अधर्मात सांगितलं आहे, हे खरं. पण त्याच अध्यायात असंही विचारलं आहे, की सगळ्यांचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं तर औषधांची गरजच काय? दैवाला पुरुषार्थाची जोड त्याच ग्रंथाने दिली आहे. रामकृष्ण परमहंस 1886 साली घशाच्या कर्करोगाने गेले. मुंबईच्या खेतवाडीत बसून साध्या मराठीत आत्मज्ञान सांगणारे निसर्गदत्त महाराज 1981 साली त्याच आजाराने गेले. त्यांच्या भक्तांनी त्या आजारात त्यांच्या स्वतःच्या पापाचा शोध घेतला नाही. नांदेडमध्ये तर या गोष्टीची साक्ष रोज उभी आहे. गुरू गोविंदसिंगांवर इथेच हल्लेखोराने वार केला, जखम शिवली गेली, ती पुन्हा उसवली, आणि 7 ऑक्टोबर 1708 रोजी त्यांनी देह ठेवला. त्या जखमेला कर्माचं फळ म्हणण्याची कल्पनाही सचखंड हुजूर साहिबच्या आवारात कुणाला सुचणार नाही. मग जी सूट गुरूला आणि संताला मिळते, ती मुखेड किंवा औशाच्या एखाद्या शेतमजूर बाईला का मिळू नये?

तिच्यापाशी कर्माचा हिशेब असेल-नसेल, पण अंतराचा आणि पैशाचा आहे. टी-व्हेक तिला लातुरात किंवा नांदेडात मिळणारं औषध नाही. तिच्या वाट्याला येते ती 1966 साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात उभ्या केलेल्या विवेकानंद रुग्णालयाच्या कर्करोग विभागाची ओपीडी, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, किंवा रात्रीची रेल्वे आणि परळचं टाटा. मुंबईत राहायचं तर दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. देव दगडात नाही, असं खराट्याने झाडत झाडत सांगणाऱ्या माणसाच्या नावाच्या छपराखाली आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं अंथरूण टाकतात. गाडगेबाबांचा धर्म त्यांच्या पश्चात याहून चांगल्या रूपात क्वचितच कुठे दिसत असेल.

विषाणूला कामाला लावण्याचं शास्त्र मुंबईतही आलेलं आहे, हेही सांगायला हवं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-19 या उपचाराला भारतात ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. तो मेलॅनोमासाठी नाही, काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, आणि त्यात विषाणू गाठीत टोचत नाहीत. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांत नवं जनुक पोहोचवण्याचं काम एक निष्प्रभ केलेला विषाणू करतो, आणि तो ज्या कुळातला आहे त्याच कुळात एड्सचा विषाणूही येतो. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार इथेच घडवल्यामुळे काही लाखांत आला. ते काही लाखही कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात नाहीत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसणाऱ्याला जात, गाव, पैसा काही विचारत नाहीत. उपचाराच्या दारातही तसंच व्हावं, ही मागणी राजकीय आहेच. पण ती मुळात धार्मिक मागणी आहे, आणि मंदिर, मठ, दर्गा, गुरुद्वारा यांच्या विश्वस्तांनी ती आपली मानायला हवी. देणगीच्या पेटीतला पैसा कळसाच्या सोन्यावर जातो, तसा तो परळला जाणाऱ्या रुग्णाच्या तिकिटावर आणि तपासण्यांवर जाऊ शकतो.

तोवर वाचणाऱ्याने दोन गोष्टी तरी कराव्यात. घरातल्या, शेतावरच्या माणसांचे तळपाय, तळहात आणि नखं एकदा उजेडात बघावीत. वाढणारा, आकार बदलणारा, चिघळणारा काळा डाग किंवा नखात उभी उमटलेली नवी काळी रेघ दिसली, तर त्यावर बिब्बा लावू नये, ब्लेड चालवू नये. नांदेडचं विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरचं, तिथल्या त्वचारोग विभागात दाखवावं आणि डॉक्टर तुकडा तपासायला घेतो म्हणाले तर घेऊ द्यावा. तुकडा घेतल्याने कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. आणि निदान कर्करोगाचं निघालंच, तर त्या माणसाला त्याच्या पापाबद्दल काहीही विचारू नये. पुढच्या तपासणीला सोबत कोण येणार, एवढंच विचारावं.